न सोडवलेलं तारण

वसुलीसरांच्या वर्गात शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली सरांच्या पट्ट्याला. कॉलेज ख्रिस्ती, मिशनचं. भिंतीवर क्रूस, क्रूसाखाली फळा, फळ्यापुढे सर. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांत मोठा गळा त्यांचाच. आमेन म्हणून डोळे उघडले की त्याच श्वासात विचारायचे, "काल कोण नव्हतं रे?"

मास्तरकीच्या आधी ते एका कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीला होते. हप्ता थकला की लोकांच्या घरात शिरून फ्रीज उचलायचे, आतलं दूध-भाजी ओट्यावर काढून ठेवायचे, आणि पोचपावती देऊन निघायचे. म्हणून वसुलीसर. पोरांनी ठेवलेलं हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनापासून आवडत होतं.

त्यांची शिकवायची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. वित्त शाखेच्या शेवटच्या वर्षाला, पहिल्याच तासाला ते सगळ्यांना शंभरपैकी शंभर गुण देऊन टाकायचे.

"उधार आहेत," म्हणायचे. "वर्षभर चुका करा, मी कापत जाईन. आणि उधारीला तारण लागतं. उद्या प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. बाजारात तिला किंमत असो-नसो, घरात असली पाहिजे. ती गेली तर घरातलं कुणीतरी ताटावरून उठेल, अशी वस्तू."

ती वस्तू नंबराचा पुठ्ठा बांधून काचेच्या कपाटात जायची. वर्षाच्या शेवटी, कंपनीच्या पाहुण्यांसमोर, ज्याने-त्याने आपलं तारण सोडवून न्यायचं. पण फुकट नाही, गुण मोजून. किती गुण, ते सर उभ्या-उभ्या ठरवणार. सोडवलं नाही तर तिथेच लिलाव आणि पैसे गरिबांच्या निधीला. ज्याच्याकडे शेवटी सगळ्यांत जास्त गुण उरतील त्याला सरांच्या जुन्या कंपनीत नोकरी. दरवर्षी एकच जागा. पगार बरा, वर कंपनीच्या दोन खोल्या, नळ आत.

हे सगळं प्राचार्यांना माहीत होतं. पण सभागृहातल्या खुर्च्या कंपनीने दिल्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या हातावर कंपनीची पितळी पट्टी होती. त्यामुळे प्राचार्य डोळे मिटून प्रार्थना करत, आणि प्रार्थना संपल्यावरही ते लवकर उघडत नसत.

वर्गात एक मुलगी होती. तिचा बाप पाळक, म्हणून पोरं तिला पाळकीणबाई म्हणत. ती चिडत नसे. चिडायला मोकळा वेळ लागतो. टायरच्या दुकानाला लागून एक लहानसं प्रार्थनामंदिर होतं, त्याच्यामागे मंडळींनी, म्हणजे तिथे उपासनेला येणाऱ्यांनी, दिलेल्या दोन खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत ती, तिची आई आणि पाळकसाहेब राहत होते. पाळकसाहेब उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. नवा पाळक येणार होता, बायको आणि पोरंबाळं घेऊन. खोल्या रिकाम्या करा, असं मंडळींच्या कमिटीने घरी येऊन, आधी प्रार्थना करून, अत्यंत नम्रपणे सांगितलं होतं.

बाकीच्या पोरांना ती नोकरी म्हणजे करिअर होतं. हिला छप्पर होतं. बस, एवढंच.

त्या दिवशी ती घरी आली आणि चपला काढता-काढता म्हणाली, "बाबा, सरांनी उद्या तारण मागितलंय."

पाळकसाहेब खुर्चीत बसून बुटाला पॉलिश करत होते. त्यांचा हात थांबला. "कुणाकडून?"

"सगळ्यांकडून. ज्याचं त्याने आणायचं."

"वर्गात?"

"हो. आणि तेच का आणलं, ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं."

"वा," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "मला वाटायचं त्या कॉलेजात नुसता पैसा शिकवतात."

ती हातपाय धुवायला गेली होती. ते शेवटचं वाक्य तिने ऐकलंच नाही.

आता यात त्या माणसाची काय चूक? बँकेत तारण म्हणजे गहाण. पण पाळकाच्या तोंडात तो शब्द आयुष्यभर एकाच अर्थाने बसलेला. तारण झालं, म्हणजे माणूस वाचला, चिखलातून वर आला. लोकांनी आपलं तारण कसं झालं ते मंडळीत उभं राहून सांगावं म्हणून हा माणूस दर रविवारी घसा कोरडा करत होता, आणि कुणी उठत नव्हतं. आणि एक प्रोफेसर वर्गभर पोरांना म्हणतो, तारण घेऊन या! ख्रिस्ती कॉलेजात हा गोंधळ होणार नाही तर कुठे होणार?

आईने भाकरी थापता-थापता विचारलं, "काय नेणार आहेस?"

"मशीन न्यावं म्हणते मी."

"माझ्या शिलाई मशीनला हात लावायचा नाही. एकदा गेलं होतं घरातून, तेवढं पुरे. भिंतीवरचं घड्याळ ने. नाहीतरी ह्यांना वेळेचं भान नाहीच."

सकाळी पाळकसाहेब उपासनेचा पांढरा झगा घालून, केस ओले करून, चकचकीत बूट घालून तिच्या आधी बाहेर पडले. "मी होतो पुढे," म्हणाले. कुणाची तरी माती असेल, असं तिला वाटलं. तिने घड्याळ टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलं आणि निघाली.

वर्गात पोचली तेव्हा बाप फळ्यापुढे उभा होता.

सर टेबलाच्या कडेवर टेकले होते, हाताची घडी घालून. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तिने आधी एकदाच पाहिला होता, फ्रीजमधलं दूध ओट्यावर काढून ठेवल्याची गोष्ट ते सांगत होते तेव्हा.

"ये ये," सर म्हणाले. "तुझे वडील आपलं तारण सांगायला आलेत. बस. चालू द्या पाळकसाहेब."

तिला सगळं एका क्षणात कळलं. ती बसली.

पाळकसाहेबांनी सांगितलं. हातचं काही राखून ठेवलं नाही. तरुणपणी दारू प्यायचो. एका गोदामात हमाल होतो, तिथून हाकललं. बायको माहेरी जायची, परत यायची. "एक दिवस घरात विकायला काही उरलं नव्हतं," ते म्हणाले, "तेव्हा मी या माझ्या मुलीची दुधाची बाटली विकून प्यालो. रिकामी नव्हती. दूध होतं तीत."

मुलगी बाकावर बसून हे पहिल्यांदा ऐकत होती.

मागच्या बाकावर एक मुलगा होता, जमिनींच्या दलालाचा पोरगा. त्यालाही सगळे दलालच म्हणत. त्याने विचारलं, "मग बाटलीचे किती आले, साहेब?"

वर्ग फुटला. पाळकसाहेबही हसले. पोरं ऐकतायत, प्रश्न विचारतायत, याचाच त्यांना आनंद झाला होता. "बाळा, त्याची किंमत मी अजून मोजतोय," म्हणाले, आणि पुढे सांगू लागले. गटारीच्या कडेला पडलो होतो, एका अनोळखी माणसाने उचललं, प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तिथून उठलो तो हा असा.

सरांनी पूर्ण बोलू दिलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग टाळी वाजवली. वर्गानेही वाजवली.

"फार सुंदर," सर म्हणाले. "आता सांगा पाळकसाहेब, याला बाजारात भाव काय मिळेल?"

पाळकसाहेब गोंधळले. "कशाला?"

"नाही, काही नाही." सर मुलीकडे वळले. "काय गं? हेच ना तुझं तारण? की दुसरं काही आणलंयस?"

बॅग तिच्या मांडीवर होती. टॉवेलातल्या घड्याळाचा कोपरा मांडीला टोचत होता. एक शब्द बोलली असती तर बाप लाजला असता, घरी गेला असता, आणि गोष्ट तिथे संपली असती. पण सर खूश होते. खूश असलेला हा माणूस गुण कापत नाही, हे सगळ्या वर्गाने आधीच्या पोरांकडून ऐकलं होतं.

"नाही सर," ती म्हणाली. "हेच."

सरांनी टेबलावरचा नंबराचा पुठ्ठा उचलला आणि पाळकसाहेबांच्या झग्याच्या बटणाला बांधला. कपाटाशेजारी एक खुर्ची ठेवली. "हे कपाटात मावत नाहीत," म्हणाले. "पाळकसाहेब, माझ्या तासाला तुम्ही रोज इथे बसायचं. तासाची सुरुवात तुमच्या प्रार्थनेने. पण एक अट आहे. मी म्हणेपर्यंत उठायचं नाही. तुम्ही उठलात की हिची उधारी रद्द. जमेल?"

"आनंदाने," पाळकसाहेब म्हणाले, आणि बसले.

घरी आईला कळायला वेळ लागला नाही. टॉवेलातलं घड्याळ बॅगेतून तसंच बाहेर आलेलं तिने पाहिलं, नवऱ्याच्या बटणाला लटकलेला पुठ्ठा पाहिला, आणि मुलीला मोरीपाशी गाठलं.

"त्यांना गहाण टाकून आलीस?"

"आई, हळू बोल. मी नाही टाकलं. तेच आले."

"मग सांग त्यांना."

"सांगून काय होईल? लाज वाटेल त्यांना. आत्ता बघ किती खूश आहेत. नोकरी लागली की सांगीन. आपण सगळे हसू."

"मी नाही हसणार," आई म्हणाली. "पण मी सांगणारही नाही. उन्हाळ्यात या मशीनसकट रस्त्यावर बसायची माझी तयारी नाही. तुझ्यावर गेलेय मी."

"आई, मी तुझ्यावर गेलेय."

"तेच ते."

वर्ष सुरू झालं. सर वर्गात येत, हजेरी घेत, आणि शेवटी खुर्चीकडे बघून विचारत, "तारण हजर?"

"हजर, प्रभूच्या कृपेने," पाळकसाहेब म्हणत.

पोरं बाकावर डोकी आपटून हसत. सरांनी खूण केली की पाळकसाहेब उभे राहून प्रार्थना करत, या मुलांना चांगली बुद्धी दे, चांगली नोकरी दे, यांच्या आईवडिलांना सुखाने म्हातारं होऊ दे. मग बसत आणि तास ऐकत. मांडीवर हात ठेवून, शहाण्या विद्यार्थ्यासारखे. फळ्यावर व्याजाचं गणित आलं की ओठ हलवून स्वतः करून बघत. चुकत. पहिल्या बाकावरच्या पोरी त्यांना उत्तर सांगत आणि आपसात डोळे मोडत.

दलालाने त्यांच्या झग्याला मागून एकदा खडूने 'सेल' लिहिलं. तो दिवसभर तसाच वागवून ते घरी आले. आईने झगा धुतला.

घसारा शिकवायच्या दिवशी सर म्हणाले, "यंत्र जुनं होतं, त्याची किंमत दरवर्षी कमी धरायची. याला घसारा म्हणतात. उदाहरण घेऊ. समोर आहेच. खुर्ची नव्हे, खुर्चीवरचे. पाळकीणबाई, ये फळ्यावर."

ती गेली. खडू घेतला. मूळ किंमत धरली, वापराचं आयुष्य धरलं, दरवर्षीची झीज वजा करत खाली आली. अक्षर सुरेख होतं तिचं. शेवटी एक रेघ मारली आणि रेघेखाली शून्य काढलं. उत्तर अचूक होतं. ती हुशार होती, हे कुणी नाकारू नये. त्या वर्गातली सगळ्यांत हुशार होती, आणि या गोष्टीतलं वाईट ते तिथूनच येतं. मठ्ठ मुलगी असती तर तिने बापाला कधीच घरी नेलं असतं.

"शाब्बास," सर म्हणाले. "एकही गुण नाही कापत."

पाळकसाहेबांनी खुर्चीवरून टाळ्या वाजवल्या.

परतताना रस्त्याने बाप-लेक बरोबर चालत. तो झगा सांभाळत, ती बॅग. एकदा टायरच्या दुकानाशी ते थांबले आणि म्हणाले, "तुझे सर फार हुशार आहेत."

"हो."

"पण त्यांच्या वर्गात कुणी रडत नाही. मला वर्गात कुणीतरी रडलेलं बरं वाटतं."

"बाबा, तो वित्ताचा तास आहे."

"हो, ते आहेच," ते म्हणाले.

शेवटचा दिवस उजाडला. सभागृह भरलं. पितळी पट्ट्यांच्या खुर्च्यांवर आईबाप बसले. व्यासपीठावर काचेचं कपाट उचलून आणलं होतं आणि त्याच्या बाजूला खुर्ची, खुर्चीवर पाळकसाहेब, बटणाला पुठ्ठा. कंपनीच्या एक बाई आल्या होत्या. करड्या रंगाचे कपडे, बारीक चष्मा, आवाज अगदी मऊ. नोकरी त्यांच्याच हाताखाली होती.

एकेक पोरगं येत होतं. एकीने आईचं मंगळसूत्र सोडवलं, गुण गमावले, खाली उतरून आईच्या गळ्यात पडली. एकाने मेलेल्या भावाचं क्रिकेटचं बक्षीस सोडवलं. सर प्रत्येकाला गुण सांगत आणि वहीत न बघता कापत. ज्यांनी सोडवलं ते नोकरीतून बाद झाले. शेवटी दोघंच उरले: दलाल आणि पाळकीणबाई. ती दोन गुणांनी पुढे होती.

दलालाने कपाटात आजोबांचं मनगटी घड्याळ ठेवलं होतं.

"सोडवतोस?" सरांनी विचारलं.

"राहू द्या सर. आजोबांना आता कुठे जायची घाई आहे?"

आजोबा जाऊन महिना झाला नव्हता. सभागृह हसलं, त्याचा बापही हसला. कंपनीच्या बाईंनी मान डोलावली.

मग ती व्यासपीठावर आली.

सर उठले. पाळकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमच्या विभागाचं सगळ्यांत वक्तशीर तारण. एकही तास चुकवला नाही. यांची किंमत," थांबले, वर बघितलं, जणू वरून भाव विचारतायत, "तीन गुण."

सभागृहात कुजबुज झाली. तीन गुण गेले तर ती दलालाच्या मागे. हे समजायला वित्त शिकावं लागत नाही. पाचव्या रांगेत आई बसली होती. तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"एक मिनिट," कंपनीच्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "मी प्रश्न विचारते. तारणाची किंमत सोडवण्याच्या खर्चापेक्षा कमी झाली, तर शहाणा कर्जदार काय करतो?"

"सोडवत नाही, मॅडम. सोडून देतो."

"बरोबर. मग या तारणाचं मूल्यांकन करा. भावना नकोत."

तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर क्रूस होता, म्हणून तिने नजर खुर्च्यांच्या पट्ट्यांवर आणली.

"उत्पन्न उन्हाळ्यापासून बंद," ती म्हणाली. "वापराचं आयुष्य संपलेलं. देखभालीचा खर्च दरवर्षी वाढता. पूर्वीचा इतिहास जोखमीचा. व्यसनाचा. भंगार किंमत नाही."

"निष्कर्ष?"

मनात ती म्हणत होती, खेळ आहे. पाच मिनिटांत संपेल. सर हसून सोडतील, आपण तिघं घरी जाऊ, बाबांना नळ आत असलेल्या खोल्या दाखवू, सगळं सांगू. त्यांच्यासाठीच तर आहे. हे ती मनात म्हणत होती. तोंडाने म्हणाली ते असं:

"सोडवणार नाही."

टाळ्या पडल्या. कंपनीच्या बाई उठल्या आणि तिचा हात हातात घेतला. "अशी माणसं मिळत नाहीत," म्हणाल्या, आणि नेमणुकीचा लिफाफा दिला.

सरांनी लिलाव पुकारला. दलालाच्या आजोबांचं घड्याळ कुणीतरी घेतलं. मग सरांनी दोन्ही हात पसरले. "आणि हे पाळकसाहेब! कोण बोलतो? बोला!"

"एक कप चहा!" मागून दलाल ओरडला.

"अर्धा कप!" दुसरा कुणी.

हशा झाला, पण बोली कुणीच पुढे नेली नाही. "म्हणजे माझ्याच गळ्यात," सर म्हणाले, आणि सगळ्यांना चहाला सोडलं. फोटो काढायला मुलीला मध्ये उभं केलं.

फोटो झाला. ती व्यासपीठाकडे परत आली. बाप खुर्चीतच होता.

"बाबा, उठा. झालं सगळं. चहा घेऊ."

"सोडवलंस?"

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"विचारतोय, सोडवलंस का मला?"

"बाबा, तुम्हाला... तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. कपाटातल्या वस्तूंना आणि मला एकच पुठ्ठा. मी पाळक आहे गं, बावळट नाही. गहाण म्हणजे काय ते मला कळतं. तुझी पहिल्या वर्षाची फी कुठून आली होती? तुझ्या आईचं मशीन दिलं होतं मी. आणि सोडवून आणलं."

"मग उठला का नाहीत?"

"मी उठलो असतो तर तुझी उधारी गेली असती. सर म्हणाले होते ना." ते अगदी साधेपणाने बोलत होते, रस्ता सांगावा तसे. "मला वाटलं, दुसऱ्यासाठी गहाण बसायचं, हे तर माझंच काम आहे. आयुष्यभर तेच सांगत आलोय लोकांना. आणि मग माझी मुलगी येईल आणि सोडवेल."

"बाबा, खेळ होता तो!"

"खेळ होता तर हरायचं होतंस."

ती रडायला लागली. रडणं खरं होतं, पण उशिरा आलं होतं, आणि तिचा हात अजून नेमणुकीच्या लिफाफ्यावरच होता. पाळकसाहेबांनी ते बघितलं. ते तिच्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी झग्याच्या बाहीने तिचे डोळे पुसले, आणि पुन्हा मांडीवर हात ठेवून बसले.

"तुम्ही जा दोघी," म्हणाले. "मी सरांचा आहे आता."

सर चहाचा कप घेऊन आले, हे ऐकलं, आणि एक घोट घेतला. मग म्हणाले, "वर्गामागची सामानाची खोली रिकामी आहे. राहतील. तसंही मला सकाळी दार उघडायला माणूस हवाच होता."

उन्हाळ्यात मंडळींनी दोन खोल्या रिकाम्या करून घेतल्या. आधी प्रार्थना झाली. आई मशीन घेऊन मुलीबरोबर कंपनीच्या खोल्यांत आली. शेजारणीने विचारलं, नवरा कुठे? आईने मान खाली घातली नाही.

"मला दुखरे गुडघे आहेत," ती म्हणाली. "त्यांना मान आहे. मला नळ आत लागतो."

दर रविवारी ती डबा घेऊन कॉलेजात जाते. मुलगी येऊ का म्हणत नाही, ती चल म्हणत नाही.

मुलीचं काम उत्तम चाललंय. थकलेल्या हप्त्यांच्या फायली तिच्याकडे असतात. कुणाचं काय उचलायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं, हे तिला एका नजरेत कळतं.

पुढच्या वर्षी कंपनीच्या बाईंना सवड नव्हती. सभागृहात पाहुणी म्हणून तिला पाठवलं. करडे कपडे तिनेही शिवून घेतले होते, आईनेच शिवले. दाराशी पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा उभा होता. झगा आता विरला होता, पण बटणाला पुठ्ठा तोच होता. नंबर पुसट झाला होता.

म्हाताऱ्याने वाकून दार उघडलं.

"या, मॅडम," म्हणाला. "पाणी आणू?"

तिने मानेनेच नको म्हटलं. ती आत गेली. सर व्यासपीठावरून हात करत होते. प्रार्थना झाली, त्याच आवाजात: या मुलांना चांगली नोकरी दे, यांच्या आईवडिलांना सुखाने म्हातारं होऊ दे. तिने डोळे मिटले. सगळ्यांनीच मिटले होते.

शेवटी दोन विद्यार्थी उरले. त्यांतली एक इस्त्रीवाल्याची मुलगी होती, सगळ्यांच्या पुढे. कपाटात तिच्या बापाची जुनी लोखंडी इस्त्री. मूठ जळकी, तळाला तडा.

"मॅडम, तुम्हीच विचारा," सर म्हणाले.

तिने विचारलं. "तारणाची किंमत सोडवण्याच्या खर्चापेक्षा कमी झाली, तर शहाणा कर्जदार काय करतो?"

"सोडून देतो," इस्त्रीवाल्याची मुलगी म्हणाली. उत्तर तिला पाठ होतं. मग तिने कपाटाकडे बघितलं. "पण मी नेणार आहे ती. बाबा उद्या कशाने काम करतील?"

"गुण जातील. नोकरीही जाईल."

"जाऊ दे."

सभागृहात कुणीतरी हसलं. म्हातारा कपाटाशेजारच्या खुर्चीवरून उठला. दोन वर्षांत पहिल्यांदाच सरांना न विचारता उठला. सरांनी पट्ट्याची किल्ली पुढे केली. त्याने कपाट उघडलं, इस्त्री काढली, बटण काढावं तसा जपून तिचा पुठ्ठा सोडला, झग्याने तळ पुसला, आणि दोन्ही हातांनी त्या मुलीला दिली. मग परत येऊन आपल्या जागेवर बसला आणि पाहुण्या बाईंकडे बघत राहिला. रागाने नाही. काहीतरी विचारल्यासारखा.

सगळं सभागृह तिच्या निकालासाठी थांबलं होतं.

"मुलगी कच्ची आहे," ती सरांना म्हणाली. "पुढचा."